आरासचा तह (१४३५): राजाने मांडलिकाची माफी मागितली, मग जिंकलं कोण?

खलिता

इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवर्षीय युद्धावर मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात जोन ऑफ आर्कला पानंच्या पानं असतात आणि आरासच्या तहाला दीड ओळ: बर्गंडीने इंग्रजांची साथ सोडली आणि पारडं फिरलं. त्या दीड ओळीत काय काय दडलंय त्यासाठी हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याला वेडाचे झटके यायचे. कारभार कोणी हाकायचा यावरून राजाचा भाऊ, ऑर्लेआँचा ड्यूक लुई आणि चुलतभाऊ, बर्गंडीचा ड्यूक जाँ यांच्यात हाडवैर. नोव्हेंबर १४०७ मध्ये जाँने लुईचा भर पॅरिसात खून करवला. १० सप्टेंबर १४१९ ला मोंतेरोच्या पुलावर बोलणी करायला आलेल्या जाँला युवराजाच्या माणसांनी कुऱ्हाडीने तोडलं. हा युवराज म्हणजे पुढे सातवा चार्ल्स, तेव्हा वय १६. जाँचा मुलगा फिलिप इंग्रजांना जाऊन मिळाला. मे १४२० मध्ये त्रुआचा तह झाला, युवराज बेदखल आणि इंग्लंडचा पाचवा हेन्री फ्रान्सच्या गादीचा वारस.

पंधरा वर्षांनी तोच फिलिप त्याच चार्ल्सशी तह करतो, २१ सप्टेंबर १४३५, आरास. राजाने काय काय दिलं बघा. खुनाबद्दल माफी. मारेकऱ्यांना शासन करण्याचं वचन. मोंतेरोला बारा कार्थुसियन संन्याशांचा मठ, पुलावर क्रॉस, मृताच्या आत्म्यासाठी कायमच्या प्रार्थना, सगळा खर्च राजाचा. जाँच्या अंगावरचे आणि सामानातले जडजवाहीर गेले त्याचे ५०,००० सुवर्ण एकू. माकाँ, ओसेर आणि बार-सुर-सेन हे परगणे. पेरोन, माँदिदिए, रुआ. शिवाय सोम नदीकाठची आमियाँ, आबेव्हिल, सँ-काँतँ, कॉर्बी, दुलाँ वगैरे शहरं. आणि कळस म्हणजे फिलिपला राजापुढे मांडलिकीची शपथ घेण्यातून वैयक्तिक सूट.

माझं मत: हा राजाचा पराभव आहे, फक्त लढाई न होता झालेला. तुम्हाला काय वाटतं?

उंटावरचा शहाणा

राज्य मिळत असेल तर माफीला काय जातंय! गुडघे तर दुसऱ्याचेच टेकले होते.

तळटीप

उंशा विनोद करून गेले, पण मुद्दा तिथेच आहे. माफी मागायला चार्ल्स आरासला आलाच नव्हता. सेंट वास्टच्या मठाच्या चर्चमध्ये त्याच्या वतीने गुडघे टेकले ज्याँ त्युदेर या पाद्र्याने. मजकूर आधी शब्द न् शब्द ठरलेला: राजा तेव्हा लहान होता, जाण कमी होती, सल्लागार वाईट भेटले. म्हणजे कृत्याचं वाईट वाटतंय, पण कृत्य 'मी केलं' असं कुठेच नाही. फिलिपने त्युदेरला उठवून मिठी मारली आणि तो भाग संपला.

आता खलिता यांच्या यादीतलं शेवटचं कलम. शपथेची सूट 'फिलिपला' आहे, 'बर्गंडीच्या ड्यूकला' नाही. फरक जमीन-अस्मानाचा. सूट चार्ल्स आणि फिलिप दोघंही हयात असेपर्यंतच. चार्ल्स आधी गेला तर फिलिपने नव्या राजापुढे शपथ घ्यायची. फिलिप आधी गेला तर त्याच्या वारसाने चार्ल्सपुढे घ्यायची. मांडलिकी रद्द झालीच नाही, दोन माणसांच्या आयुष्यापुरती थांबवली. बापाच्या खुन्याच्या हातात हात देऊन 'मी तुमचा माणूस' असं म्हणायची वेळ फिलिपवर येऊ नये एवढ्यासाठी ती सोय होती.

कोरा कागद

बाळबोध प्रश्न विचारतो. मांडलिक राजाइतका मोठा होतोच कसा? राजा त्याची जहागीर जप्त का करत नाही? आणि ही शपथ नक्की असते कशी?

पागोटे

@कोरा कागद, प्रश्न बाळबोध नाही, अर्ध्या युरोपचा इतिहास त्यात आहे.

फिलिपच्या मुलखाचे दोन ढीग करा. एका ढिगात बर्गंडीची डची, फ्लँडर्स, आर्त्वा. ही फ्रान्सच्या राजाकडून धरलेली. दुसऱ्या ढिगात फ्रांश-काँते, ब्राबाँट, हेनॉ, हॉलंड. ही पवित्र रोमन साम्राज्यातली, फ्रान्सच्या राजाचा तिथे काडीचा संबंध नाही. ब्राबाँट त्याला १४३० मध्ये मिळालं, हेनॉ आणि हॉलंड १४३३ मध्ये. म्हणजे आरासला बसला तेव्हा तो राजाचा मांडलिक होता खरा, पण त्याच्या तिजोरीत पैसा येत होता तो गेंट, ब्रूज, ब्रसेल्स अशा कापड विणणाऱ्या आणि व्यापार करणाऱ्या शहरांतून. जप्तीचा हुकूम काढायला शाई लागते, बजावायला फौज लागते. चार्ल्सकडे पहिली होती.

शपथेचं म्हणाल तर मांडलिक कमरपट्टा आणि शस्त्र उतरवून गुडघे टेकतो, दोन्ही हात जोडून धन्याच्या दोन हातांत देतो, 'तुमचा माणूस झालो' म्हणतो, मग धनी त्याला उठवून चुंबन देतो. आपल्याकडच्या खिलतीपेक्षा हे अंगाला जास्त चिकटणारं आहे, म्हणूनच सूट मागावीशी वाटते.

मधली सुट्टी

सगळे माफी आणि शपथेवर बोलताहेत. खरी मेख वेगळी होती. फिलिपने १४२० मध्ये त्रुआचा तह पाळण्याची शपथ घेतलेली होती, शुभवर्तमानावर हात ठेवून. ती मोडली तर शपथभंग, म्हणजे धर्माच्या दृष्टीने पाप आणि लोकांत छीथू. नुसतं 'मन बदललं' म्हणून चालत नव्हतं. मग तोडगा काढला कायदेपंडितांनी. आधी असा युक्तिवाद की वेडसर राजा स्वतःच्या मुलाला खटला न चालवता बेदखल करू शकत नाही, तेव्हा तहच मुळात अवैध आणि अवैध गोष्टीची शपथ बांधत नाही. त्याहून गोड दुसरा: पाचवा हेन्री वारला ३१ ऑगस्ट १४२२ ला आणि वेडा चार्ल्स २१ ऑक्टोबरला. जावई सासऱ्याच्या सात आठवडे आधी गेला. जो कधी फ्रान्सचा राजा झालाच नाही तो मुलाला फ्रान्सचा मुकुट देणार कुठून?

खलिता

@मधली सुट्टी, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे पण पोकळ. त्रुआच्या मजकुरात 'हेन्री आणि त्याचे वारस' असं आहे. मुलगा बापाकडून नाही, थेट तहातून हक्क सांगतो.

मधली सुट्टी

पोकळ आहेच. पण युक्तिवादाने इंग्रजांना पटवायचं नव्हतं, फिलिपच्या मनातली टोचणी काढायची होती आणि तहात मध्यस्थ असलेल्या कार्डिनलांच्या, म्हणजे चर्चच्या बड्या अधिकाऱ्यांच्या, हातात शपथमुक्ती देण्यासाठी कागद द्यायचा होता. त्या कामाला पुरेसा होता.

शाईचा डाग

टोचणी काढायला आणखीही काही लागलं. ६ जुलै १४३५, म्हणजे परिषद भरायच्या महिनाभर आधी, सातव्या चार्ल्सने एक पत्र केलं. फिलिपच्या दरबारातल्या मंडळींना मिळून ६०,००० सोन्याचे साल्यू. त्यात चॅन्सेलर निकोला रोलँचे १०,००० आणि आंत्वान द क्रोयचे १०,०००. कारण साधारण असं दिलंय की तह होईल तर या मंडळींच्या खटपटीनेच होईल.

गंमत नाण्यात आहे. साल्यूवर देवदूत मेरीला शुभवार्ता देऊन वंदन करतोय असं चित्र, म्हणून नाव साल्यू, म्हणजे वंदन. हे नाणं ढिगाने पडत होतं ते फ्रान्समधल्या इंग्रज अमलातल्या टाकसाळींत, पाचव्या हेन्रीचा मुलगा सहावा हेन्री याच्या नावाने. इंग्रजांना सोडण्याची लाच इंग्रजी छापाच्या नाण्यात मोजली.

उंटावरचा शहाणा

'वंदन' नावाचं नाणं. वंदन करून कामं होतात हे तिथे अक्षरशः खरं होतं तर.

चकली

@शाईचा डाग, लाच म्हणावं का? त्या काळी दुसऱ्या दरबाराकडून वर्षासनं घेणं उघड चालायचं. आपल्याकडेही वकिलाने दरबारातल्या मुत्सद्द्यांना नजराणे, 'दरबारखर्च' द्यायचा हे ठरलेलंच असे.

शाईचा डाग

वर्षासन उघड असतं आणि काम होवो न होवो चालू राहतं. इथे रक्कम एकदाची, एकाच कामासाठी, आणि कामाच्या आधी कबूल केलेली. नाव काहीही द्या. मात्र रोलँ विकला गेला म्हणून तह झाला असंही नाही. फिलिपचं मन जानेवारी-फेब्रुवारीतच, नेव्हेर गावच्या बोलण्यांत वळलं होतं. तिथे राजाकडून समोर बसले ते बूर्बाँचा चार्ल्स आणि आर्तुर द रिशमाँ. एकाच्या घरात फिलिपची बहीण आन्येस, दुसऱ्याच्या घरात बहीण मार्गारेट. दोन मेव्हण्यांनी मिळून सौदा केला: इंग्रजांपुढे रास्त देकार ठेवायचे, त्यांनी नाकारले तर फिलिप राजाच्या बाजूला येणार, आणि त्या बदल्यात सोमकाठची शहरं. आरासला जे झालं ते नेव्हेरच्या आराखड्यावर चढवलेलं बांधकाम.

तिसरी बहीण ॲन ही बेडफर्डची बायको, म्हणजे फ्रान्सचा कारभार इंग्रजांकडून बघणाऱ्याची. ती नोव्हेंबर १४३२ मध्ये वारली. बेडफर्डने पुढच्या एप्रिलात फिलिपला न विचारता त्याच्याच एका मांडलिक घराण्यातल्या जाकेताशी लग्न केलं. सोयरीक तुटली आणि वर मानभंग.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. परिषद प्रत्यक्ष चालली कशी यावर कोणी लिहा ना. दोन्हीकडचे लोक एका टेबलाशी बसायचे?

तळटीप

अजिबात नाही. एका टेबलाशी बसवलं असतं तर पहिल्याच वाक्याला अडलं असतं, कारण दोन्ही वकिलाती 'फ्रान्सच्या राजाच्या' होत्या. इंग्रज सातव्या चार्ल्सला राजा म्हणत नव्हते, 'व्हालुआचा चार्ल्स' किंवा 'प्रतिपक्षी' म्हणत. फ्रेंचांच्या लेखी सहावा हेन्री फक्त इंग्लंडचा राजा. म्हणून सगळं मध्यस्थांमार्फत. मध्यस्थ दोन: पोपचा अल्बेर्गाती आणि बाझलच्या धर्मपरिषदेने पाठवलेला सायप्रसचा कार्डिनल ह्यू द लुझिन्याँ. पोप आणि बाझल यांचंच तेव्हा आपसात जुंपलेलं होतं, पण इथे दोघांनी जोडीने काम केलं.

पायऱ्या अशा. आधी अभयपत्रं, आपल्या भाषेत कौल: कोण, किती माणसांनिशी, किती दिवस. मग अधिकारपत्रांची तपासणी. मुखत्यारपत्रात 'तह करण्याचा' अधिकार आहे की नुसता 'बोलण्याचा', हे कार्डिनलांचे लोक वाचून घेतात. ऑगस्टच्या सुरुवातीला परिषद उघडली. मठात दोन्ही बाजूंना वेगळी दालनं, आणि कार्डिनल या दालनातून त्या दालनात. एका बाजूचा देकार दुसरीकडे नेताना तो थोडा मऊ करायचा, शिवी गाळायची, आकडा मात्र बदलायचा नाही. मध्यस्थाची सगळी कारागिरी एवढ्यात आहे.

फ्रेंचांचे देकार चढत गेले, शेवटी नॉर्मंडीपर्यंत. पण नेहमी एक अट: फ्रान्सच्या मुकुटावरचा दावा सोडा आणि नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाकडून मांडलिक म्हणून धरा. इंग्रज युद्धबंदी घ्यायला तयार, सोयरीक करायला तयार, मुकुट सोडायला नाही. ६ सप्टेंबरला ते आरास सोडून गेले.

पागोटे

आणि तिथेच फसले. ती त्यांची सगळ्यात महाग चूक. तळ ठोकून बसले असते, 'अजून विचार करतो' म्हणत राहिले असते, तर फिलिपला सुटका नव्हती. नेव्हेरची अटच 'इंग्रजांनी नाकारलं तर' अशी होती. उठून गेल्यामुळे कार्डिनलांना जाहीर करता आलं की रास्त देकार इंग्रजांनी झिडकारले, शांततेच्या आड तेच आले, तेव्हा फिलिप मोकळा. वाटाघाटीत रागाने उठून जाणं कधी कधी कामी येतं, पण तिसरा पक्ष तुमच्या उठण्याचीच वाट बघत नसेल तर.

चार दिवसांनी, १० सप्टेंबरला, मोंतेरोच्या खुनाच्या वर्षश्राद्धाला सेंट वास्टमध्ये जाँसाठी प्रार्थना झाली. तारीख कोणी ठरवली नव्हती, आपोआप जुळली, पण तिचा उपयोग करून घेतला गेला. आणि १४ तारखेला तिकडे रूआँमध्ये बेडफर्ड वारला.

चकली

मोडता मोडता वाचलेला प्रसंगही आहे. बोलणी ऐन रंगात असताना, ऑगस्टच्या अखेरीस, राजाच्याच बाजूचे ला हीर आणि सेंत्राय सोम ओलांडून फिलिपच्या मुलखात लुटालूट करत शिरले. इकडे राजाचे वकील फिलिपच्या पाहुणचारात जेवताहेत आणि तिकडे राजाचे सरदार त्याची गावं लुटताहेत. फिलिपने फौज पाठवली, राजाच्या वकिलांची धावपळ झाली, लूट परत करायला लावली, निभावलं. या दोघांचा पगार लुटीतूनच निघायचा, त्यांना शांतता परवडणारी नव्हती. तह करताना धन्यापेक्षा त्याच्या बेलगाम सरदारांची भीती जास्त.

कोरा कागद

अवांतर: मोंतेरोला 'पुलावर' का भेटायचं? आणि एवढी काळजी घेऊन खून होतोच कसा?

मधली सुट्टी

पूल म्हणजे दोन्ही काठांपासून सारखा दूर. फौजा आपापल्या काठावर, मध्ये मोजकी माणसं. मोंतेरोला पुलावर लाकडी कुंपण घालून आवार केलं, दोन्ही बाजूंना छोटं दार, प्रत्येकाबरोबर दहा माणसं. दार आत शिरायला होतं तसं ते मागे बंदही करता येत होतं. जाँ आत आला, गुडघा टेकला, बोलाचाली वाढली, कुऱ्हाड पडली.

याची दुरुस्ती ५६ वर्षांनी झाली. २९ ऑगस्ट १४७५ ला अकरावा लुई आणि इंग्लंडचा चौथा एडवर्ड पिकिन्यीला सोमवरच्या पुलावर भेटले. लुईने मुद्दाम मोंतेरोचा दाखला देऊन सांगितलं, दार नको. पुलाच्या मधोमध आडवी लाकडी जाळी, सिंहाच्या पिंजऱ्याला असते तशी, भोकं जेमतेम दंड जाईल एवढी. दोघे राजे जाळीतून हात घालून भेटले आणि तिथेच शपथा झाल्या. शिवाय त्या दिवशी लुईच्या सांगण्यावरून त्याच्या एका सल्लागाराने हुबेहूब राजासारखे कपडे घातले होते.

रात्रपाळी

आणि ती कवटीची गोष्ट? १५२१ मध्ये राजा पहिला फ्राँस्वा दिजोंच्या मठात आला तेव्हा संन्याशाने जाँची कवटी दाखवली आणि म्हणाला, 'महाराज, याच भोकातून इंग्रज फ्रान्समध्ये शिरले.'

उंटावरचा शहाणा

दार ठेवलं नसतं तर भोकही पडलं नसतं.

बालेकिल्ला

पुरंदरशी तुलना येणारच, तर ती नीट करू. ११ जून १६६५ ला शिवाजी महाराज जयसिंगाच्या छावणीत आले. ठरलं ते असं: २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख मोगलांना, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख महाराजांकडे, शंभूराजांना पाच हजारी मनसब. विजापुरी कोकण आणि बालाघाटाच्या बदल्यात ४० लाख होन, दर साल ३ लाखांच्या हप्त्याने. आणि महाराजांना स्वतःला मनसब आणि दरबारातली हजेरी माफ.

ही शेवटची सूट आरासशी किती जुळते बघा! दोन्हीकडे माणसाच्या अंगाला शिवणारी गोष्ट बाजूला काढून बाकीचं जमवलं. फिलिपला हात जोडायचे नव्हते, महाराजांना दरबारात उभं राहायचं नव्हतं.

तळटीप

@बालेकिल्ला, जुळणी सुंदर, पण दोन फरक. आरासला सूट बलवान मांडलिकाने उकळली. पुरंदरला किल्ला पडायच्या बेतात असताना, मुरारबाजी पडल्यावर, दबलेल्या बाजूने ती मिळवली. म्हणून तिचं मोल जास्त धरा. दुसरा फरक जामिनाचा. पुरंदरला तिऱ्हाईत कोणी नाही. जयसिंग हा मध्यस्थ नाही, समोरच्या पक्षाचा सेनापती. त्याचा शब्द आणि बादशहाचं फर्मान एवढंच तारण. ती सूट वर्षभरही टिकली नाही, मे १६६६ मध्ये महाराज आग्र्याच्या दरबारात उभे होते, आणि तिथे जामीन राहायची वेळ रामसिंगावर आली.

आरासचं जामीनकलम वाचण्यासारखं आहे. राजाने तह मोडला तर त्याचे मांडलिक, सरदार आणि प्रजा राजाला दिलेल्या शपथेतून मोकळे, आणि त्यांनी राजाविरुद्ध फिलिपला मदत करायची. उलट बाजूनेही तसंच. वर चर्चचा बहिष्कार. म्हणजे राजा स्वतःच्याच माणसांना लिहून देतोय की मी चुकलो तर माझ्यावर उलटा.

चकली

लिहून दिलं तरी उलटतं कोण? मोंतेरोच्या मारेकऱ्यांना शासन हे कलम कागदावरच राहिलं. तानगी द्यु शातेल, ज्याचं नाव सगळ्यात पुढे होतं, राजाच्या नोकरीत राहिला. बर्गंडीकडून तक्रारी चालू राहिल्या, १४४५ मध्ये फिलिपची बायको इसाबेल शालोंला जाऊन राजाच्या लोकांशी त्यावरच घासाघीस करत होती. प्रजा कुठे उलटली?

पागोटे

@चकली, बरोबर. पण जामीनकलम बजावण्यासाठी नसतंच, तक्रारीला पाया म्हणून असतं. इसाबेल शालोंला रिकाम्या हाताने गेली नाही, कलमांचा कागद घेऊन गेली.

आणि या मंडळींना तह मोडण्याची सवय पुरेपूर होती. याआधी ऑर्लेआँ-बर्गंडी भांडणात शार्त्र १४०९, बिसेत्र १४१०, ओसेर १४१२, पोंत्वाज १४१३ असे तहांवर तह झाले. शार्त्रला बर्गंडीच्या ड्यूकच्या विदूषकाने बाजारातून एक 'पॅक्स' आणली. पॅक्स म्हणजे चर्चमध्ये लोक चुंबन घेतात ती चपटी शांतिपट्टिका. फ्रेंचमध्ये तिला 'पे' म्हणतात, आणि शांतता किंवा तह यालाही 'पे'च. पठ्ठ्याने तिला आतून फरचं अस्तर लावलं आणि मिरवत सुटला, ही बघा 'अस्तराची पे'. बाहेरून एक, आतून दुसरं.

उंटावरचा शहाणा

इतका वेळ धाग्यावर माझ्या हुद्द्याचा माणूस आला नाही म्हणून वाट बघत होतो.

शाईचा डाग

आरासच्या शपथविधीतलाही एक तसाच. लान्वाचा सरदार शपथेला हात वर करून म्हणाला की या भांडणात आत्तापर्यंत पाच तहांच्या शपथा घेतल्या, एकही पाळला गेला नाही, पण हा मात्र माझ्याकडून पाळला जाईल. सगळ्या परिषदेतलं सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच असावं.

कोरा कागद

मग इंग्रजांचं पुढे काय झालं? ते गप्प बसले?

रात्रपाळी

फिलिपने आपला राजदूत लंडनला पाठवला. पत्रावर हेन्रीचा उल्लेख फ्रान्सचा राजा असा नव्हता. १३ वर्षांच्या सहाव्या हेन्रीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात, आणि लंडनच्या जमावाने तिथल्या फ्लेमिश लोकांवर हात टाकला. एप्रिल १४३६ मध्ये रिशमाँने पॅरिस घेतलं. फिलिपने उत्साहाच्या भरात इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅलेला वेढा घातला, तो फसला. फ्लँडर्सची शहरी फौज वेढा सोडून घरी गेली.

खलिता

धागा सुरू करताना राजा हरला म्हटलं होतं. तळटीप यांचा शपथेचा मुद्दा वाचून तहाचा कागद पुन्हा काढला आणि सोमकाठच्या शहरांचं कलम नीट वाचलं. शहरं दिलेली नाहीत, गहाण टाकलेली आहेत! ४,००,००० सुवर्ण एकू मोजले की राजाला परत. मुदत नाही, व्याज नाही. तोवर महसूल फिलिप खाणार. आपल्याकडच्या भाषेत कब्जेगहाण.

आता दोन्ही कलमं पुढे नेऊन बघा. सातवा चार्ल्स २२ जुलै १४६१ ला वारला. १५ ऑगस्टला रेंसला अकराव्या लुईला राज्याभिषेक, आणि तिथे ६५ वर्षांचा फिलिप नव्या राजापुढे गुडघे टेकून मांडलिकीची शपथ घेतो. २६ वर्षांची सूट संपली, कलम जसंच्या तसं लागू पडलं. दोन वर्षांनी, १४६३ मध्ये, लुई चार लाख एकू मोजतो आणि शहरं परत घेतो. त्यासाठी त्याने पार्लमाँकडे, म्हणजे पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाकडे, खटल्यांतून अनामत ठेवलेल्या रकमांनाही हात घातला. फिलिपने रक्कम घेतली, शहरं सोडली.

राजाने १४३५ मध्ये जे जे दिलं त्यातल्या मोठ्या गोष्टींना मुदत होती किंवा किंमत होती. कायमचं दिलं ते माफीचे शब्द, प्रार्थना आणि माकाँ-ओसेरसारखे थोडे परगणे. बदल्यात लगेच मिळालं पॅरिस. मत बदलतोय, पण पूर्ण नाही, कारण ज्या दिवशी सही झाली त्या दिवशी पुढचं कोणालाच दिसत नव्हतं.

मधली सुट्टी

आणखी एक, अपील. शपथेतून सूट होती, पण फ्लँडर्स-बर्गंडीतल्या निकालांवर पॅरिसच्या पार्लमाँकडे दाद मागायची वाट बंद झाली नाही. फिलिप गुडघे टेकत नव्हता, त्याची प्रजा मात्र त्याच्या डोक्यावरून राजाच्या न्यायालयात जात होती. ही खरी दोरी. म्हणूनच पुढे फिलिपच्या मुलाने, चार्ल्सने, १४७३ मध्ये मेखेलेनला स्वतःचं पार्लमाँ उभं केलं.

बालेकिल्ला

@खलिता, हिशोब १४६३ ला थांबवू नका. त्याच चार्ल्सला वडिलांनी शहरं सोडली हे अजिबात पटलं नव्हतं. १४६५ मध्ये सरदारांच्या बंडात तो उतरला, माँलेरीला लढाई झाली, आणि काँफ्लाँच्या तहात शहरं पुन्हा बर्गंडीकडे. राजाचे चार लाख गेले ते गेलेच. १४६८ मध्ये लुई अभयपत्र खिशात घालून पेरोनला चार्ल्सशी बोलणी करायला गेला आणि लुईचीच फूस मानलेल्या लीएजच्या उठावाची बातमी येताच कोंडला गेला, हवं ते लिहून देऊन सुटला. सोम कायमची राजाकडे आली ती ५ जानेवारी १४७७ ला चार्ल्स नान्सीला लढाईत पडल्यावरच. कलमाने नाही.

तळटीप

@बालेकिल्ला, मान्य. त्या चार लाखांचे दोन हप्ते होते, दोन-दोन लाखांचे, सप्टेंबर आणि ऑक्टोबर १४६३. आणि फिलिपला 'घ्या पैसे, सोडा शहरं' असा सल्ला देण्यात पुढे कोण होता ठाऊक आहे? आंत्वान द क्रोय.

शाईचा डाग

म्हणजे १४३५ च्या यादीतले १०,००० साल्यू ज्याच्या नावावर होते तोच.

उंटावरचा शहाणा

गहाण टाकतानाही हजर, सोडवतानाही हजर. राजे बदलले, दलाल तोच. कोणी त्याच्यावर वेगळा धागा काढा, राजा आणि ड्यूक राहू देत बाजूला.